व्याह्यांचं फ्रान्समधलं घर

हॅमिल्टन, न्यूझीलंड
९ मार्च २००४

सौ. मालतीताईंना,
सप्रेम नमस्कार.

मुलाच्या आईनं मुलीच्या आईला आपणहून पत्र लिहिलं म्हणजे एक तर तक्रार असणार नाहीतर मागणी. तक्रार नाही. मागणी आहे, आणि ती वाचण्याआधी चहा करून घ्या.

फोनवर बोलता आलं असतं. पण आमचा फोन स्वयंपाकघरात, आणि तुमची लेक कानांनी फार तिखट. तुमचा फोन गोविंदरावांच्या खुर्चीला चिकटलेला. तेव्हा पत्रच बरं.

तर झालंय असं. देवव्रत इथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या ज्या फॅक्टरीत दुधाची पावडर करतो, ती फॅक्टरी त्याला मे ते ऑगस्ट फ्रान्सला पाठवतेय. तिकडून नवी यंत्रं यायची आहेत, ती चालवायला शिकून यायचं. सुरुची आणि मी इथेच राहू. तिचं कौन्सिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम आहे आणि माझं मागच्या अंगणात मेथीचं. जुलैअखेर मात्र आम्ही दोघी पंधरवडाभर त्याच्याकडे जाऊ. त्यासाठी सुरुचीनं इंटरनेटवर एक घर शोधलंय. शारांत नावाच्या नदीच्या अगदी काठावर, खेड्यात, दगडी बांधणीचं. पोहायचा तलाव, अक्रोडाची झाडं आणि सहा झोपायच्या खोल्या. मी म्हटलं, "अगं, माणसं तीन आणि खोल्या सहा?" तर म्हणाली, "माझ्या आई-बाबांना पण बोलवू या ना, आई. हीप्स जागा आहे तिथे." हीप्स म्हणजे इकडच्या बोलीत ढीगभर. आणि एकदम गप्प होऊन भांडी घासायला लागली. घरात भांडी घासायचं मशीन असताना.

का गप्प झाली ते तुम्हाला सांगायला नको. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा गोविंदरावांचा नेम. न्यूझीलंडला येऊन माणूस पाण्याशिवाय राहणार किती वेळ? म्हणून ते येत नाहीत, आणि ते नाहीत म्हणून तुम्ही नाही. पोरीनं घर घेतलं, पडदे शिवले, दारात लिंबाचं झाड लावलं. बाबांनी एकदा येऊन तिच्या हातचं जेवावं एवढीच तिची इच्छा आहे. ती तुम्हाला तसं म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतेय.

काल तुम्ही पाठवलेलं कॅलेंडर चाळत होते. यंदा अधिक श्रावण आहे, मालतीताई! धोंड्याचा महिना, आणि नेमका जुलै-ऑगस्टात. जावयाला घरी बोलावून जेवू घालायचा महिना. गेल्या अधिकात तुम्ही अनारसे टपालानं पाठवलेत, त्यांचा भुगा आम्ही आठवडाभर चमच्यानं खाल्ला.

तर माझी योजना अशी. फ्रान्सचं घर गोविंदरावांच्या नावावर भाड्यानं घ्यायचं. म्हणजे ते घर लेकीचं नव्हे, त्यांचं. जावई सासुरवाडीला येणार, सुरुची माहेरपणाला, आणि मी विहीण म्हणून मानानं मिरवणार. नेमाला कुठे धक्का नाही. सासुरवाडीला पोहायचा तलाव असू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नसावं.

गोविंदरावांना पटवायचं काम तुमचं. तुमचा हात त्यात बसलेला आहे.

आपली,
वासंती


पुणे
३० मार्च २००४

श्रीमती वासंतीताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांच्या हाती लागू नये म्हणून मी ते तांदळाच्या डब्यात लपवलं, आणि संध्याकाळी आपणच यांना सगळं सांगून बसले. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला पुढेही कळेलच.

यांचा जन्म गेला पाटबंधारे खात्यात. नदीकाठचं घर म्हटल्याबरोबर पहिला प्रश्न, "पूररेषा कुठे आहे?" दुसरा प्रश्न, "नदी दारात असताना तलाव कशाला खणला? त्याअर्थी नदीत काहीतरी खोट आहे." तिसरा, "सहा खोल्या रोज झाडणार कोण?" आणि मग मुख्य मुद्दा, "जावयानं घेतलेलं घर म्हणजे लेकीचंच. मला जमणार नाही."

मी म्हटलं, तुमच्या नावावर घेणार आहेत. दुसऱ्या दिवशी हे दुपारी झोपले नाहीत, संध्याकाळी फिरायला गेले ते अंधार पडल्यावर आले. चपला काढता काढता म्हणाले, "माझ्या नावावर घर असेल तर जबाबदारी माझी आहे. घरमालकाचा पत्ता मागव." वासंतीताई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं!

आता रोज शेजारच्या नीताच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतात. ती बिचारी कॉलेजचा अभ्यास सोडून यांचं इंग्रजी टाइप करते. अनारशाचं पीठ मी इथून करून आणेन, ते महिनोन्‌महिने टिकतं. फक्त खसखस आणता यायची नाही. विमान बदलायचं त्या देशात खसखस सापडली तर धरून ठेवतात म्हणे. या वयात खसखशीपायी तुरुंगात जायची माझी तयारी नाही.

आता एक गोष्ट. विचारू की नको असं चार दिवस चाललंय. सहा खोल्यांचं घर, सगळ्यांना एकत्र बोलावणं, तुमचं आपणहून पत्र. माझ्या मनात जे आलंय ते खरं असेल तर तुम्ही काहीच लिहू नका. मी समजून घेईन. जुन्या सुती साड्या काढल्या आहेत. तीन झबली शिवून झाली, कुंची बेतली आहे. सगळं हिरवंच घेतलं, म्हणजे मुलगा-मुलगी दोन्हीला चालेल.

आपली,
मालती


हॅमिल्टन
१८ एप्रिल २००४

सौ. मालतीताईंना,
सप्रेम नमस्कार.

घर ठरलं. गोविंदरावांच्या नावावर, अगदी ठरल्याप्रमाणे. तुम्ही निर्धास्त असा.

इकडे थंडीची चाहूल लागली आहे आणि मी पोहायला शिकतेय. हसू नका. सुरुची म्हणाली, तलावाचं घर घेऊन तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसणार असाल तर काय उपयोग? मग दुकानात नेलं आणि माझ्यासाठी टॉग्ज घेतले. टॉग्ज म्हणजे पोहायचा पोशाख. गुडघ्यापर्यंतचा मिळाला, देवाची कृपा. शनिवारी सकाळी आम्ही दोघी बंद छपराच्या, गरम पाण्याच्या तलावावर जातो. पहिल्या दिवशी मी कठडा सोडायला तयार नव्हते. शेजारची हेदर मला बघून "गुड ऑन या, वासंती!" असं ओरडली, तशी मी हात हलवून दाखवायला गेले आणि बुडाले. सुरुचीनं दंडाला धरून वर काढलं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की पोरांना शिकवणाऱ्या बाईंनी शिट्टी वाजवून आम्हाला गप्प केलं.

येताना पुकेकोहे गावचे कांदे घेतले आणि जांडल्स, म्हणजे रबरी सपाता. फ्रान्समध्ये तलावावर लागतील. तुमच्या मापाचेही घेतलेत. निळे.

मालतीताई, तुम्ही ते शिवत बसू नका. झबली तर मुळीच आणू नका. आत्ता ते नको. एवढंच लिहिते, बाकी भेटलो की बोलू.

आपली,
वासंती


पुणे
४ मे २००४

ताई,

समजलं! सगळं समजलं. बाळाचे कपडे आधी आणू नयेत, हे माझ्यासारख्या बाईच्या लक्षात राहू नये म्हणजे कमाल आहे. तुम्ही "आत्ता ते नको" लिहिलंत आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. स्वतःच्या आईला सुचलं नाही ते सासूला सुचलं. सुरुची भाग्याची. पण तिला घेऊन पाण्यात उतरता ते जपून हं. डॉक्टरांना विचारलंत ना?

यांना सांगितलं. पोटात राहत नाही, मागेच लिहिलंय तुम्हाला. हे उठले, शर्ट बदलला आणि लक्ष्मी रस्त्यावर गेले. येताना चांदीची वाटी. लहानशी, काठाला बारीक वेल, बाळाला पहिला वरणभात भरवतात तसली. सराफानं नाव घालू का विचारलं तर म्हणाले, "नाव ठरू द्या की आधी." आता रोज एकदा कपाटातून काढतात, बघतात, परत ठेवतात. पुढच्या वर्षी न्यूझीलंड नक्की, असं आपणहून म्हणाले. तिकडची नदी केवढी आहे, तिच्यावर धरणं आहेत का, हे विचारून ठेवायला सांगितलंय.

फ्रान्सच्या घरमालकिणीचं उत्तर एप्रिलातच आलं. नीतानं कागदावर छापून दिलं. यांनी ते मला वाचून दाखवलं नाही, घडी घालून खिशात ठेवलं. पण त्या दिवशी गुणगुणत होते. म्हणजे पुराचं काही भय नसावं.

व्हिसे झाले. ताई, मला आता जुलैपर्यंत धीर निघत नाही.

तुमची,
मालती


हॅमिल्टन
१७ मे २००४

प्रिय मालतीताई,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. देवव्रत फ्रान्सला गेला, सुरुची ऑफिसात आहे, घरात मी एकटी आहे. आज लिहिलं नाही तर कधीच होणार नाही.

गोड बातमी नाही. होती असंही नाही. फेब्रुवारीत इथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की आता थांबा. आम्ही करण्यासारखं सगळं केलं, यापुढे नुसता त्रास आहे. तीन वर्षं चाललं होतं. इंजेक्शनं, तपासण्या, परत तपासण्या. कोणात काय कमी, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

सुरुचीनं माझ्याकडून शब्द घेतला होता, की तुम्हाला कळू द्यायचं नाही. मी तो आज मोडतेय. तुम्ही झबल्यांचं लिहिलंत तेव्हाच मोडायला हवा होता, पण मी कांदे-सपातांच्या गप्पांआड लपले आणि तुम्ही माझ्या घाबरटपणाचा भलताच अर्थ लावलात. त्यात तुमची काही चूक नाही.

मी एक दिवस खोलीचं दार लावून रडले. आजी व्हायचं होतं मला, खोटं कशाला बोलू? पण सुरुचीचं ऐका. डॉक्टरांकडून घरी येताना गाडी तिनं नदीकाठी थांबवली. काचेतून नदीकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाबा आता कधीच माझ्याकडे जेवणार नाहीत, आई." तिला सगळ्यात आधी हे आठवलं. मला त्या क्षणी गोविंदरावांचा असा राग आला म्हणून सांगू! त्यांचा नेम लेकीवर आपला भार नको म्हणून आहे, हे मी जाणते. चांगल्या मनाचा नेम आहे. पण त्याची आता जन्मठेप झाली आहे, आणि ती भोगतेय तुमची मुलगी.

म्हणून मी फ्रान्सचा एवढा घाट घातला. निदान एकदा तरी बाप-लेक एका ताटाशी बसावीत.

आता पुढचं तुम्ही ठरवा. मला रागवायचं असेल तर रागवा, पण या म्हणजे झालं.

तुमची,
वासंती


पुणे
८ जून २००४

प्रिय ताई,

रागवत नाही. तुम्ही माझ्या लेकीला बुडताना धरलंय, आणि मला वाटत होतं की तीच तुम्हाला धरतेय.

यांना सांगितलं. हे बॅगांना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिनं मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "कशी सांगेल? तुमचा नेम आहे ना." हे गच्चीत जाऊन झाडांना पाणी घालत राहिले. इतकं घातलं की खालच्या श्यामलाबाईंनी वर येऊन विचारलं, टाकी फुटली का?

झबली मी मंदाच्या लेकीला दिली. मंदा आमच्याकडे पोळ्या करते, तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे. तिला छान होतील. एक मात्र ठेवलं. का ठेवलं, विचारू नका.

वाटी यांनी बॅगेत ठेवली होती. मी म्हटलं, ती राहू दे आता. ऐकू न आल्यासारखं केलं. वाटी बॅगेतच आहे, आणि हे काय करणार आहेत ते मला खरंच ठाऊक नाही. एवढंच म्हणाले, "धोंड्याचं जेवण ठरल्याप्रमाणे होईल. यजमान मी आहे."

सुरुचीला आम्हाला कळल्याचं सांगू नका. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल.

मालती


हॅमिल्टन
२४ ऑगस्ट २००४

प्रिय मालतीताई,

येऊन पोचलो. फ्रान्सच्या उन्हातून इथल्या थंडीत येऊन पडल्यावर मी दोन दिवस शेगडीसमोरून हलले नाही. मेथी करपली, लिंबं मात्र लगडलीत.

तुम्ही तिथे होतात, तरी मी तुम्हाला तिथलं सांगणार आहे. कारण तुम्ही पंधरा दिवस चुलीशी होतात आणि बाहेर काय चाललंय त्याचा तुम्हाला पत्ता नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी गोविंदराव गूळ-पाणी घेऊन उभे. कडक इस्त्रीचा सदरा, पायात मी टपालानं पाठवलेले निळे जांडल्स, म्हणजे तुमचेच, दोन बोटं लहान. मला म्हणाले, "या विहीणबाई. पूररेषा पायरीच्या खाली आहे, निश्चिंत राहा." पलीकडच्या गोठ्याच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या होत्या, त्या त्यांनी मला सामान आत जायच्या आधी दाखवल्या.

तलावात ते उतरले नाहीत ते नाहीतच. अधिक महिन्यात स्नान नदीचं, असं म्हणून रोज सकाळी शारांतमध्ये. कमरेला दोरी, दोरीचं एक टोक अक्रोडाच्या झाडाला आणि मध्ये पकडायला देवव्रत. होडीतून जाणारी माणसं हात करायची आणि हे नदीतून "बोंजूर" म्हणायचे. मी मात्र तलावात रुंदीच्या बाजूनं तीन वेळा आरपार गेले. तुम्ही बघायला यावं म्हणून किती हाका मारल्या! तुम्ही आपल्या खसखस शोधत होतात.

खसखशीची खरी हकीकत ही. गोविंदराव गावातल्या पाववाल्याकडे गेले, कपाटातल्या एका पावावर काळे बारीक दाणे होते त्याकडे बोट दाखवलं, आणि दाणे हवेत, पाव नको, हे त्याला हातवाऱ्यांनी पटवायला त्यांना अर्धा तास लागला. शेवटी त्याच्या बायकोनं आतून पुडी भरून दिली. त्या काळ्या खसखशीचे तुमचे अनारसे! पहिला घाणा तुपात हसून विरघळला, तेव्हा तुमचा चेहरा बघवत नव्हता. पण मग जे जमले ते जमले. देवव्रत पाटावर बसला, तुम्ही तेहेतीस मोजून दिलेत आणि घरमालकीण मादाम त्यातले तीन खाऊन विचारती झाली, हे कुठल्या प्रांतातलं चीज?

आता जे तुम्ही पाहिलं नाहीत ते. त्याच दुपारी तुम्ही आवराआवर करत होतात. मी तलावाच्या कडेला पाय सोडून बसले होते. सुरुची आणि गोविंदराव खाली नदीच्या पायऱ्यांवर. मी चोरून ऐकलं नाही, पण पाण्यावरून आवाज येतो त्याला माझा इलाज नाही. तिनं आपणहून सांगितलं. सगळं. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि विचारलं, "तुझ्याकडची नदी केवढी आहे?"

ती म्हणाली, "मोठी आहे बाबा. आठ धरणं आहेत."

"आठ?" म्हणाले. "बघायला हवीत."

मला आनंदानं तलावात उडीच मारावीशी वाटली. पण मग विचार केला, धरणं म्हटल्यावर ते चंद्रावरचीही बघायला हवीत म्हणतील. निघायच्या दिवशी स्टेशनवर त्यांनी बॅग उघडली, वाटी हातात घेतली. मला वाटलं, आता देतात. सुरुचीकडे पाहिलं, वाटी पुन्हा रुमालात गुंडाळली आणि बॅग बंद केली. तेव्हापासून मी विचार करतेय, त्यांच्या मनात आहे तरी काय?

आणि आता माझी चोरी. घर गोविंदरावांच्या नावावर नव्हतं. सुरुचीनं मार्चमध्येच आपल्या नावावर घेऊन टाकलं होतं, आणि मादामनं नाव बदलायला साफ नकार दिला. एकदा वहीत लिहिलं ते लिहिलं, म्हणाली. मी तुम्हाला खोटं लिहिलं. म्हणजे गोविंदराव पंधरा दिवस लेकीच्याच घरात जेवले, लेकीच्याच घरचं पाणी प्याले. नेम मोडला, आणि तो मी मोडवला. त्यांना सांगायचं की नाही तुम्ही ठरवा. तुमच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असूनही लिहितेय, कारण माझ्याही पोटात राहत नाही.

तुमची,
वासंती


पुणे
१२ सप्टेंबर २००४

श्रीमती वासंतीताई यांस,
सादर प्रणाम.

आपणांस पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आपले पत्र सौ.ने तांदळाच्या डब्यात ठेवले होते. आपली सगळीच पत्रे ती तिथे ठेवते. घरात तांदूळ काढून निवडण्याचे काम निवृत्तीपासून माझ्याकडे आहे, हे तिच्या अजून लक्षात आलेले नाही. कृपया आपणही ते तिच्या लक्षात आणून देऊ नये.

घर सुरुचीच्या नावावर असल्याचे मला एप्रिलपासून माहीत आहे. पुराविषयी मी मादामला विचारले होते. तिचे उत्तर आले, की हे घर तुमच्या मुलीने घेतले आहे आणि गंमत अशी की तिनेही पहिला प्रश्न हाच विचारला, की पाणी कुठपर्यंत चढते? ते वाचून मला फार बरे वाटले. तो कागद मी अजून खिशात बाळगतो.

मग मी गप्प का राहिलो? कारण मला जायचे होते. लेकीला सहा वर्षांत दोनदा पाहिलेले, तेही इथे, तिच्या सुट्टीत. नेम वडिलांपासून चालत आलेला. तो आपणच कसा मोडायचा, आणि मोडला तर लोकांना काय सांगायचे, हे मला कळत नव्हते. आपण दोघींनी निमित्त दिलेत, ते मी मुकाट्याने घेतले. तेव्हा आपण मला फसवले असे मुळीच मनात आणू नये. मी आपणा दोघींना फसवले. नदीतल्या त्या दोरीसकट सगळा यजमानाचा थाट हे सोंगच होते.

पण नंतर जूनमध्ये सौ.ने मला सगळे सांगितले, आणि मला माझी लाज वाटली. लेकीला भार होऊ नये म्हणून धरलेला नेम, आणि त्याचाच भार तिच्यावर. आता निमित्त नको. आता उघड यायचे.

आम्ही दोघे २ डिसेंबरला ऑकलंडला उतरतो. तिकिटे काढली आहेत. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो असे कळते. अनारशाचे पीठ विमानतळावर चालते काय, ते कळवावे. लपवून काही आणणार नाही, फॉर्मवर लिहूनच आणू. सौ. एक हिरवे झबलेही बॅगेत घालते आहे. कोणासाठी, असे मी विचारणार नाही. आपणही विचारू नये. आठ धरणांपैकी निदान तीन तरी पाहण्याची व्यवस्था जावईबापूंनी करावी.

राहता राहिली वाटी. ती मी फ्रान्समध्ये दिली नाही, याचे आपणांस कोडे पडले आहे. ते घर कागदावर सुरुचीचे होते, पण स्वयंपाक मालतीचा होता आणि यजमान म्हणून मिरवत होतो मी. ते काही खरे लेकीचे घर नव्हे. ही वाटी लेकीच्या घरच्या पहिल्या घासासाठी घेतली आहे. सुरुचीला सांगावे, की तिच्या घरी, तिच्या हातचा साधा वरणभात, वर तुपाची धार आणि तिच्या झाडाचे लिंबू पिळून, या वाटीत मऊ कालवावा.

पहिला घास माझा.

आपला नम्र,
गोविंद खांबेटे